गाण्याचा फोटो निघतो का?

मुलांनो, गाणं ऐकायचं कानांनी आणि फोटो पाहायचा डोळ्यांनी. मग गाण्याचा फोटो निघेल का? निघतो, बरं का! पण त्यासाठी फोटो काढणाऱ्यालाही आधी कान लागतात.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो १९५३ साली सुरू केला. भीमसेनजींचे गातानाचे फोटो पाहा. डोळे मिटलेले, हात हवेत झेपावलेला! जणू तान गळ्यातून नाही, हातातूनच निघाली आहे.

असा फोटो काढणं सोपं नसतं. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढा वेळ उघडं राहिलं, तर हलणारा हात पुसट येतो. अडीचशेव्या भागाएवढंच उघडलं, तर हात स्पष्ट येतो. पण उजेड फार थोडा आत जातो. रंगमंचावर तर उजेड बेताचाच. मग फ्लॅश मारावा? छे! गाणाऱ्याची तंद्री मोडेल. शिवाय पूर्वी एका रोलमध्ये फोटो ३६. उगाच बटण दाबून कसं चालेल?

इथेच कान उपयोगी पडतात. तीनतालात १६ मात्रा असतात. त्या संपल्या की पुन्हा पहिली मात्रा येते, तिला सम म्हणतात. समेवर गायक आणि तबलजी एकमेकांकडे पाहून हसतात, श्रोत्यांच्या माना डोलतात. ज्याला ताल कळतो, त्याचं बोट त्या क्षणाआधीच तयार असतं!

अशा फोटोत आणखीही काही दिसतं. गायकाच्या मागे तानपुरे घेऊन बहुधा शिष्य बसलेले असतात. गुरूच्या पाठीशी बसून सूर धरायचा, हेसुद्धा शिक्षणच. कॅसेटमध्ये ते दिसत नाही. भीमसेनजी २०११ साली गेले. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणांत राहिला, तशी त्यांची बैठक फोटोंत राहिली.

आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. मैफलीत हात वर जातात, पण दाद द्यायला की फोन धरायला? आईबाबांनो, हा प्रश्न आपल्यालाही आहे हं! फोन वर गेला की मागच्या मुलाला गायक दिसत नाही, आणि आपलं लक्ष गाण्यातून पडद्यावर जातं.

तेव्हा पुढच्या मैफलीला एक करा. फोन खिशात ठेवा, बोटांवर मात्रा मोजा आणि सम शोधा. ती सापडली आणि फोटोला परवानगी असली, तर फ्लॅश बंद करून एकच फोटो काढा. घरी आल्यावर तो आजीला दाखवा आणि त्या वेळी काय चाललं होतं, ते गुणगुणून सांगा. सांगता आलं, तर तुमचा फोटो पास!