फारकतीच्या कागदात मुलाची ओळ

व्यापारी मनुष्यास 'फारकत' हा शब्द नवा नाही. भागीदारी संपली, मालसाठ्याची मोजदाद झाली, देणेघेणे चुकते झाले, की परस्परांस फारकतीचा कागद लिहून देण्याची आपली जुनी वहिवाट आहे. त्या कागदाचा अर्थ स्वच्छ असतो : आजपासून तुमचाआमचा हिशेब उरला नाही. आपल्या भाषेने हाच शब्द पतिपत्नींच्या विभक्त होण्यासही लावला, आणि तेथेच एक मोठा घोटाळा होऊन बसला. ज्या दांपत्यास मूल आहे, त्यांचा हिशेब फारकतीने संपत नाही. पतिपत्नी हे नाते संपते. आईबाप हे नाते संपत नाही.

व्यापारविषयक लेखांच्या पंक्तीस हा घरगुती विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, आपल्या समाजात एखादे घर मोडू लागले म्हणजे वकिलाच्या कचेरीपूर्वी बहुधा कोणा वडीलधाऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीचीच पायरी चढली जाते. चार माणसे गाद्यांवर बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि तोड काढतात. ही तोड कशी निघते याकडे थोडे बारकाईने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अशा एका बैठकीस आम्ही स्वतः होतो. एक घर पेडणे महालातले, दुसरे डिचोलीचे. दुपारी बसलेली मंडळी दिवेलागणीनंतर उठली. दागिने, भांडी, उसने दिलेले पैसे, दुकानातील माल, एकूणएक गोष्टीचा निवाडा झाला. चांदीच्या एका तांब्यावर तर अर्धा तास गेला. सात वर्षांचा मुलगा बाहेर ओसरीवर बसून होता. त्याच्याविषयी कागदात एकच ओळ आली : 'मुलगा आईकडे राहील व वडिलांस भेटता येईल.' सर्वांनी सह्या केल्या, आणि चांगले काम पार पडले अशा समाधानाने आम्ही घरी गेलो.

पुढे चतुर्थी आली. माटोळी बांधताना मुलगा घरी असावा असे वडिलांस वाटले. ते डिचोलीस जाऊन दारात उभे राहिले. मागच्या खेपेस त्यांनी मुलास रात्री फार उशिरा आणून सोडले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती. म्हणून आईने नकार दिला. दोघांच्याही हातात आमचाच कागद होता आणि दोघांचेही म्हणणे त्या एका ओळीत बसत होते! शब्दाने शब्द वाढला. मुलगा ना या घरच्या आरतीस राहिला, ना त्या घरच्या. शेजारणीने त्यास आपल्या घरी नेऊन जेवू घातले. चांदीच्या तांब्यास आम्ही अर्धा तास दिला होता. त्या मुलाच्या वर्षभराच्या दिवसांस पाच मिनिटेही दिली नव्हती. हा दोष आमचा, आणि तो येथे मान्य करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गोव्यात असा दोष घडण्यास एक विशेष कारणही आहे. येथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा निम्मा निम्मा हक्क असतो. न्यायाच्या दृष्टीने ही पद्धती स्त्रीस मोठा आधार देणारी आहे, यात शंका नाही. परंतु फारकत म्हणताच आपल्या मनात प्रथम यादी, मोजदाद आणि अर्धा वाटा हेच येऊ लागते, आणि त्या सवयीने आपण मुलाकडेही पाहू लागतो. दुकानाचा अर्धा भाग होऊ शकतो. मुलाच्या बालपणाचा होत नाही.

जुन्या कायद्यास या अडचणीची जाणीव अगदीच नव्हती असे नाही. पोर्तुगीज संहितेत अज्ञान मुलांच्या हिताकरिता कुटुंबमंडळाची योजना होती. त्यात पितृकुल आणि मातृकुल या दोन्हींकडचे नातलग बसत. दोन्ही घरांनी मिळून मुलाचा विचार करावा ही त्यातील कल्पना चांगलीच म्हटली पाहिजे. १९१० साली पोर्तुगालच्या नव्या प्रजासत्ताकाने घटस्फोटाचा कायदा केला व तो गोव्यातही आला. त्या काळच्या युरोपीय कायद्यांचा सर्वसाधारण कल असा होता की, ज्याच्या बाजूने निकाल लागेल त्याच्याकडे मूल जावे. म्हणजे मूल हे निर्दोष ठरलेल्या पक्षाचे जणू बक्षीसच!

ही दृष्टी आता पालटली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचा १९८९ चा बालहक्कविषयक करार भारताने १९९२ साली स्वीकारला. आईबाप वेगळे झाले तरी दोघांशीही नियमित संबंध राखण्याचा हक्क मुलाचा आहे, असे त्या कराराचे नववे कलम सांगते. अपवाद इतकाच की, असा संबंध मुलाच्याच हिताविरुद्ध नसावा. भारताच्या विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात दोन्ही पालकांनी मिळून जबाबदारी उचलण्याचा आणि संगोपनाची योजना लिहून काढण्याचा पुरस्कार केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटले की, मुलास आईबाप दोघांचाही सहवास मिळाला पाहिजे, आणि ते दूर राहत असतील तर दररोज पाचदहा मिनिटे तरी दूरध्वनीवर किंवा दृक्‌श्राव्य साधनाने बोलणे व्हावे. 'मूल कोणाचे?' हा प्रश्न मागे पडून 'मुलाचा आठवडा कसा जाईल?' हा प्रश्न पुढे आला आहे.

या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाच्या निकालापेक्षा मध्यस्थीत अधिक चांगले मिळते, असे अनेक देशांचा अनुभव सांगतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मुलांच्या ताब्याच्या वादात १९८१ पासून प्रथम मध्यस्थीकडे जाणे सक्तीचे केले. आपल्याकडे १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी स्वतंत्र आदेश घालण्यात आला व समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकांची तरतूद केली, आणि २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही संमत केला.

व्यापारी वाचकांनी येथे लवाद आणि मध्यस्थ यांतील भेद ध्यानात घ्यावा. लवाद ऐकतो आणि निर्णय देतो. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो दोघांस एकत्र आणि वेळप्रसंगी वेगवेगळे भेटतो, कोणाचा अपराध किती हे ठरवीत नाही, ऐकलेले बाहेर फोडीत नाही, आणि तोड त्या दोघांकडूनच काढवून घेतो. स्वतः कबूल केलेली गोष्ट मनुष्य अधिक निष्ठेने पाळतो, हे बाजारातले सत्य घरातही खरे आहे.

मग कागदात काय असावे? पेडणे आणि डिचोली ही दोन ठिकाणे धरून पाहू. शाळा कोणत्या गावची? शनिवारी मुलास म्हापशाच्या बसस्थानकावर कोणी आणावे, कोणी घ्यावे, आणि किती वाजता? चतुर्थीचे दिवस कसे विभागावे. एक वर्ष या घरी, एक वर्ष त्या घरी, की पहिला दिवस येथे व विसर्जन तेथे? दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी? ताप आला तर दुसऱ्यास कळवावयाचे ते किती वेळात? शाळेचे शुल्क, वह्यापुस्तके, औषधपाणी यांचा खर्च कोणत्या प्रमाणात? आजीआजोबांची भेट? आणि शेवटी, एकमेकांविषयीचे कटू शब्द मुलाच्या देखत उच्चारावयाचे नाहीत व निरोप त्याच्या हाती पाठवावयाचे नाहीत, हेही लिहावे. मूल हे टपालवाला नव्हे.

असा कागद दरवर्षी उघडून पाहण्याची अटही त्यात घालावी. पाच वर्षांच्या बालकास जी व्यवस्था मानवते ती बारा वर्षांच्यास मानवत नाही. घराचे उत्पन्नही स्थिर राहत नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोलीतील ट्रकमालकांपासून किराणा दुकानदारांपर्यंत किती घरांचा जमाखर्च बिघडला हे आपणांस ठाऊक आहे. आपण दिवाळीस नव्या वह्या घालतो. मुलाच्या कागदासही वर्षातून एकदा नवे पान मिळावे.

निम्मे दिवस इकडे, निम्मे तिकडे, असा सरळ भागाकार मात्र कोणी उपाय म्हणून सुचवू नये. ऑस्ट्रेलियाने २००६ साली दोन्ही पालकांची जबाबदारी समान आहे असे कायद्याने गृहीत धरले आणि त्याबरोबर समान वेळेचा विचार करणे न्यायालयांवर बंधनकारक केले. ते गृहीत तत्त्व त्या देशाने २०२४ मध्ये काढून टाकले व मुलाचे हित आणि त्याची सुरक्षितता यांवर भर दिला. म्हणजे मोजमाप दिवसांचे नव्हे, मुलाच्या स्वास्थ्याचे घ्यावयाचे.

दोन गोष्टींविषयी विशेष सावध राहावे. पहिली, मुलास बैठकीत उभे करून 'तुला आई हवी की बाबा?' असे विचारू नये. उत्तर काहीही आले तरी त्या दिवसापासून मूल एकाचे अपराधी होते. त्याचे मन जाणून घेणे अवश्य आहे. पण ते अनुभवी समुपदेशकाने, एकांतात, शाळा, मित्र, झोप, भीती यांच्या गप्पांतून. दुसरी, ज्या घरात मारहाण किंवा धाक आहे तेथे समोरासमोरची तडजोड ही तडजोड नसते. तेथे संरक्षण प्रथम. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याचा आसरा अशा वेळी घ्यावा, आणि अब्रूच्या नावाखाली त्या स्त्रीस परत पाठवू नये.

खर्चाची चिंता करून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि बालके यांस, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. विवाह गोव्याच्या नागरी कायद्याखाली झाला की बाहेर हिंदू विवाह कायद्याखाली, हे मात्र प्रथम जाणकार वकिलास दाखवावे. आपल्यापैकी अनेकांच्या सोयरिकी सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर या बाजूस असल्याने हा प्रश्न वारंवार उद्भवतो. घरी ठरलेला कागद न्यायालयापुढे ठेवून त्यावर आदेश घ्यावा; मुलाच्या हितास बाधक असे काही त्यात असेल, तर न्यायालय ते दुरुस्त करू शकते.

आमच्या त्या बैठकीतील मंडळी पुढे पुन्हा एकदा बसली. या खेपेस दागिन्यांचा विषय निघालाच नाही. दोन तासांत मुलाच्या वर्षाचे एक पान तयार झाले. त्यात त्याच्या सायकलीचीही नोंद होती, ती पेडण्यास राहावी अशी. आईबापांचे मनोमीलन झाले नाही, आणि तसा आग्रहही कोणी धरला नाही. पण पुढच्या चतुर्थीस मुलगा ठरल्या दिवशी ठरल्या घरी होता, आणि ठरल्या वेळी परतही आला.

आमच्या सभासद बंधुभगिनींस एवढीच विनंती आहे. आपल्या पेढीवर अशी बैठक बसण्याचा प्रसंग न येवो. आलाच, तर सोन्याची यादी बाजूस ठेवावी आणि पहिल्या कागदावर पहिली ओळ मुलाची लिहावी.