दोषवाचक इंग्रजी विशेषणें

विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासतांना आम्हांस असें आढळतें कीं, पडकी धर्मशाळा, जर्जर म्हातारा, विरलेला सदरा आणि नासकें अंडें ह्या सर्वांचें वर्णन ते ‘ओल्ड’ व ‘बॅड’ ह्या दोनच विशेषणांवर भागवितात. मराठींत मात्र तोच विद्यार्थी खोबरें खवट, दूध नासलेलें, भात शिळा व आमटी विटलेली असें बिनचूक सांगतो. इंग्रजींतहि असाच भेद आहे. कित्येक शब्दांच्या पोटीं तर दोष कोणाचा, हेंहि सांठविलेलें असतें.

‘डिलॅपिडेटेड’ हा शब्द घ्या. लॅटिन भाषेंत ‘लॅपिस’ म्हणजे दगड. मूळ क्रियापदाचा अर्थ, दगड विखुरावे तशी मालमत्ता उधळणें. इंग्लंडांतील चर्चच्या कायद्यांत ह्याच कुळांतील नामास मोठें महत्त्व होतें. पाळकानें आपल्या ताब्यांतील घराची डागडुजी न करितां तें मोडकळीस येऊं दिलें, तर त्याच्या जागीं येणारा पाळक त्याजकडून, तो वारला असल्यास त्याच्या वारसांकडून, भरपाई मागूं शके. १८७१ सालीं ह्या विषयावर स्वतंत्र कायदाच झाला. म्हणून ह्या विशेषणास हयगयीच्या आरोपाचा वास येतो. भूकंपानें एका रात्रींत कोसळलेल्या घरास तें शोभत नाहीं. ‘डिक्रेपिट’चें मूळ करकरणें, तडकणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूंत मानितात. वार्धक्यानें हाडें वाजूं लागलीं, त्यांत म्हाताऱ्याचा अपराध तो काय?

‘शॉडी’चा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. हें मूळचें विशेषणच नव्हे, एका मालाचें नांव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं यॉर्कशायरमधील बॅटली येथें जुन्या लोंकरी चिंध्या पिंजून, त्यांत नवी लोंकर मिसळून, पुनः सूत काढूं लागले. उद्योग प्रामाणिक होता. गरिबांस त्यामुळें स्वस्त ऊब मिळाली. (आज अशा सुताचें एक मोठें केंद्र म्हणजे मराठी माणसास विसरतां न येणारें पानिपत!) परंतु १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, आणि कांहीं मक्तेदारांनीं अशा हलक्या कापडाचे गणवेष सैन्याच्या गळ्यांत बांधले. पावसापाण्यांत ते अंगावरच फाटूं लागले. पुढें नव्याचें सोंग घेतलेल्या निकृष्ट मालास, तसेंच पाट्या टाकून केलेल्या कामास, ‘शॉडी’ म्हणण्याचा प्रघात पडला. गरीब मुलाच्या धुऊन धुऊन विरलेल्या सदऱ्यास हा शब्द लावणें म्हणजे अन्याय होय. तो सदरा ‘थ्रेडबेअर’, म्हणजे सुतें उघडीं पडलेला. त्यानें कोणास फसविलेलें नाहीं.

कांहीं शब्दांचें नशीबच फिरलें. ‘स्टेल’ हें एके काळीं जवाच्या दारूचें भूषण होतें. बरेच दिवस ठेवून निवळलेली व कडक झालेली ती ‘स्टेल’. पावास तो शब्द लागला आणि त्याची प्रतिष्ठा गेली. ‘ॲडल्ड’ची कथा तर याहून गमतीची. फलित न झालेल्या अंड्यास ग्रीक लोक वाऱ्याचें अंडें म्हणत. त्यांचा तो वायुवाचक शब्द लॅटिनमध्यें मूत्रवाचक समजला गेला, आणि इंग्रजांनीं त्या चुकीचेंच निष्ठेनें भाषांतर करून घाण पाण्याच्या अर्थाचा आपला जुना शब्द अंड्यास चिकटविला. पुढें तो गोंधळलेल्या डोक्यासहि लावूं लागले.