बारा वळणांचा घाट आणि पुलाखालची वाट

जगदलपूरहून रायपूरकडे येताना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३० वर केशकालचा बारा वळणांचा घाट लागतो. तेथे अवजड माल लादलेले लांब ट्रेलर पुढचा रस्ता मोकळा असतानाही इतक्या संथपणे का उतरतात, असा प्रश्न प्रवाशाच्या मनात सहज उद्भवतो.

उंचीवरील भाराच्या ठायी जी ऊर्जा संचित असते, ती उतरताना खर्ची पडणे अटळ असते. चालकाने केवळ ब्रेकवर विसंबून तो सतत दाबून ठेवला, तर ती सारी उष्णतारूपाने ब्रेकच्या लायनरमध्ये साठते आणि अतितप्त लायनरची पकड ऐन वेळी शिथिल होते. म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालतो, आणि उतारावरचा बैल मागे रेटून गाडी सावरतो तद्वत इंजिनच चाकांना आवरून धरते.

वळणावर ट्रेलरची मागील चाके पुढच्यांच्या मागावरून न जाता आतल्या बाजूस सरकतात. सबब वळसा रुंद घ्यावा लागतो आणि समोरची वाहने थोपवावी लागतात.

रेल्वेपुलाखाली संकट निराळे. तेथे रस्ता खोलगट असल्यास पुढची व मागची चाके दोन्ही चढांवर राहून मधला भाग उचलला जातो, आणि फलकावरील उंची पुरेशी वाटूनही छत तुळईला भिडते. शिवाय भार उतरताच स्प्रिंगा वर येतात. त्यामुळे जाताना पुलाखालून निभावलेला कंटेनर परतताना रिकामा असूनही अडकू शकतो.