उंच प्रदेशात अंडी उबवण्याचा प्रश्न

मराठीतील ‘उबवणे’ हे क्रियापद ‘ऊब’ या नामाशी निगडित आहे. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, त्यांना ऊब देते आणि पिल्ले बाहेर येतात, एवढाच या क्रियेचा अर्थ लोकव्यवहाराने ग्रहण केला. सखल प्रदेशात तो अपुरा वाटण्याचे कारण नाही. मात्र अंडी उंच पर्वतावर नेली, म्हणजे केवळ उष्णतेने पिल्लू निपजत नाही, असा प्रत्यय येतो.

हा अनुभव जुना आहे. पेरू देशात स्पॅनिश लोकांनी आपले आरंभीचे ठाणे आन्दीज पर्वतातील हौहा येथे, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, वसवले होते. तेथे घोडे, डुकरे व कोंबड्या यांची नीट पैदास होत नाही, हे ते ठाणे सोडण्याचे एक कारण म्हणून नमूद झाले. १५३५ मध्ये समुद्रकाठी लिमा नगराची स्थापना झाली. दोष थंडीचाच असता, तर उबवणी यंत्राने हा प्रश्न केव्हाच सुटला असता. तो सुटला नाही, कारण अंडे श्वसनही करते.

कोंबडीच्या अंड्याच्या कवचास सुमारे दहा हजार सूक्ष्म रंध्रे असतात. साठ ग्रॅमचे अंडे एकवीस दिवसांत या रंध्रांवाटे सुमारे सहा लिटर प्राणवायू आत घेते, साडेचार लिटर कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकते आणि सुमारे नऊ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने गमावते. ही देवघेव विसरणाने, म्हणजे वायूंच्या आपोआप पसरण्याने, घडते. काही पाणी जाणे आवश्यकच असते. त्यामुळे बोथट टोकाशी हवेची पोकळी वाढते आणि कवच फोडण्यापूर्वी पिल्लू आपला पहिला श्वास त्या पोकळीतच घेते.

समुद्रसपाटीस हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर असतो. ३,८०० मीटर उंचीवर तो सुमारे ४८० उरतो. त्यामुळे दोन गोष्टी एकदम घडतात. प्राणवायूचा दाब त्याच प्रमाणात उतरतो. आणि हवा विरळ झाल्याने विसरणाचा वेग सुमारे दीडपटीहून अधिक होतो. तापमान व आर्द्रता तीच ठेवली, तर नऊ ग्रॅमऐवजी चौदा ग्रॅम पाणी जाऊ लागते. भ्रूण एकीकडे गुदमरतो, दुसरीकडे शुष्क होतो.

खरा पेच येथेच आहे. रंध्रे आकुंचित झाली तर पाणी राखले जाते, पण प्राणवायूची वाटही अरुंद होते. कॅलिफोर्नियातील व्हाइट माउंटन येथे ३,८०० मीटरवर पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी हर्मन रान व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्या कवचांतील रंध्रांचे परिणामी क्षेत्र घटले असल्याचे त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे निसर्गाने पाण्याची बाजू सांभाळली. प्राणवायूची उणीव मात्र तशीच राहिली.

यंत्रचालकापुढेही हाच पेच असतो. अधिक हवा मिळावी म्हणून झरोके उघडावेत, तर ओलावा जातो. बंद करावेत, तर प्राणवायू आणखी घटतो. म्हणून सखल प्रदेशातून आणलेल्या अंड्यांसाठी आर्द्रता वाढवणे आणि अतिउंच स्थळी यंत्रात प्राणवायू वेगळा पुरवणे, हे दोन्ही उपाय एकत्र योजावे लागतात. ‘उबवणे’ या शब्दात ऊब तेवढी सांगितली आहे. उरलेल्या दोन गरजा पर्वताने उघड केल्या.