*शेततळ्यात मासोळीचं बी सोडण्याआधी पाण्यात 'सायक्लॉप्स' आहे का ते पाहा*



पावसाळ्यात शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडतो. प्लास्टिकच्या तळ्यातलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण पिल्लांसाठी ते रिकामं ताट आहे. लहानपणी त्यांना नुसता कोंडा-ढेप पुरत नाही, पाण्यातले जिवंत बारीक जीव लागतात. कटला तर मोठा झाल्यावरही त्यांच्यावरच जगतो.

*सायक्लॉप्स म्हणजे काय?*
झिंग्याच्या कुळातला, एक-दोन मिलिमीटरचा, झटके देत पोहणारा जीव. जुन्या लोकांना नारूमुळे हे नाव आठवत असेल. भारत २००० सालीच नारूमुक्त झाला, भिऊ नका.

*त्याला काय मानवतं?*
▪️ पाणी २५ ते ३० अंश, सामू ७.५ ते ८.५
▪️ पाण्याला हलकी हिरवट झाक
▪️ भरपूर प्राणवायू, पण पाण्याची जोराची घुसळण नको
अशा पाण्यात पिल्लाचा पूर्ण वाढलेला जीव व्हायला साधारण एक-दोन आठवडे लागतात.

*तयारी कशी करायची?*
१) ३० × ३० मीटर पाण्यासाठी भुईमुगाची ढेप ६७ किलो, शेण १८ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट साडेचार किलो. निम्मं भिजवून पातळ करून आधी टाका, उरलेलं दोन-तीन हप्त्यांत.
२) प्लास्टिकच्या तळ्यात माती नसते, म्हणून हे जीव लवकर येत नाहीत. गावच्या जुन्या तलावातलं पाणी मच्छरदाणीतून गाळून दोन-चार बादल्या टाका. पाणकिडे वर अडकतात, सायक्लॉप्स खाली जातो.
३) काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडात धरा. पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसले की समजा जमलं.
४) हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा दिसेनासा झाला तर पाणी ठीक. मनगटाशीच दिसेनासा झाला, किंवा सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर खत बंद करा.

*बी कोणतं सोडता?*
बोटुकली बिनधास्त सोडा. पण तीन-चार दिवसांचं मत्स्यजिरे असेल तर मोठे सायक्लॉप्स त्यालाच इजा करतात. जिरे खत टाकल्यावर दोन-तीन दिवसांतच सोडा, तेव्हा पाण्यात त्याहून बारीक जीव असतात.

⚠️ *सगळ्यात महत्त्वाचं*
कपाशी-सोयाबीनची फवारणी याच दिवसांत असते. जे औषध किडीला मारतं, ते सायक्लॉप्सलाही मारतं, तेही फार थोड्या मात्रेत. मासे जिवंत दिसतात, पण खाद्य संपल्यानं वाढ खुंटते. म्हणून *फवारणीचा पंप तळ्यात किंवा काठावर धुऊ नका*, वारा तळ्याकडे असेल तर त्या बाजूची फवारणी थांबवा, अन् शेतातलं वाहतं पाणी तळ्यात येऊ देऊ नका. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नांदगाव पेठ