काळी माती, ज्वालामुखी आणि शेतातील कीटक

भिलाई-दुर्ग परिसरातील शेतकरी मेळाव्यांत, विशेषतः नागपूर-भंडारा-गोंदियाकडून येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी शेतकऱ्यांकडून, एक विधान वारंवार ऐकू येते : ‘आमची कन्हार म्हणजे वऱ्हाडातलीच काळी माती, दोन्ही ज्वालामुखीच्या.’ हे विधान अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे तपासून पाहण्यामागे केवळ भूशास्त्रीय कुतूहल नाही. याच समजुतीमुळे कपाशी-तुरीच्या पट्ट्यासाठी लिहिलेल्या शिफारशी येथील भात-हरभऱ्याच्या कन्हारला जशाच्या तशा लावल्या जातात आणि त्यांतील कीडनियंत्रणाचा भाग हमखास चुकीच्या वेळी अमलात येतो.

ज्वालामुखी म्हटले की टोकदार पर्वत आणि त्याच्या मुखातून उसळणारा अग्नी डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा ज्वालामुखी मुख्यत्वे तसा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पातळ शिलारस बाहेर आला आणि पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. तो थिजला, काही काळ गेला, पुन्हा नवा प्रवाह त्यावर आला. अशा थरांनी आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर हे थर जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. ‘ट्रॅप’ हे नावही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. पश्चिमेला या थरांची एकत्रित जाडी हजार मीटरांहूनही बरीच अधिक, पण नागपूरजवळ ती बरीच कमी होते. सीताबर्डीची टेकडी हा या महापुराच्या पूर्व काठाचा एक अवशेष. (लोणारचे सरोवर मात्र ज्वालामुखीचे मुख नव्हे, ते याच बेसाल्ट खडकावर आदळलेल्या अशनीने झालेले विवर आहे. शालेय सहलींत अजूनही उलटे सांगितले जाते.)

या प्रवाहांच्या मधल्या काळात काय घडत होते, याचे उत्तर एका कीटकशास्त्रज्ञाला विशेष रुचावे असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी शहराजवळील टाकळी येथे दोन लाव्हाप्रवाहांच्या दरम्यान सापडणाऱ्या गाळाच्या थरांतून जीवाश्म गोळा केले. त्यांत गोड्या पाण्यातील शंख होते, वनस्पतींचे अवशेष होते आणि भुंगेरावर्गीय कीटकांची कठीण पंखकवचेही होती. या कीटकांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. याचा अर्थ असा की, एक प्रवाह थंड झाल्यानंतर पुढचा येईपर्यंत तेथे तळी साचली, झाडे उगवली आणि त्यांवर कीटकही नांदू लागले. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. प्रवाहाच्या माथ्याची झीज होऊन बनलेले आणि पुढच्या प्रवाहाखाली गाडले गेलेले ते द्रव्य आहे. त्यातील कित्येक पट्टे म्हणजे त्या काळची मातीच.

आता पूर्वेकडे येऊ. मैकल डोंगररांगेच्या माथ्यावर, मंडला-अमरकंटकच्या बाजूला, लाव्हाचे थर स्पष्ट आहेत. तेथून खाली, शिवनाथ नदीच्या खोऱ्यात उतरले की ते संपतात. भिलाई आणि दुर्गच्या शेतांखाली बेसाल्ट नाही. तेथे त्याहून कितीतरी जुने, उथळ समुद्रात साचलेले चुनखडीचे आणि शेलचे थर आहेत. भिलाईजवळच्या नंदिनी येथील खाणीतून पोलाद कारखान्यासाठी काढली जाते ती हीच चुनखडी. झोतभट्टीत लोहखनिजातील अशुद्ध द्रव्ये शोषून ती तांबड्या, वाहत्या मळीच्या रूपाने बाहेर पडते. भिलाईकरांना शिलारस पाहण्याची हौस असेल, तर ती इतकीच भागू शकते!

मग कन्हार काळी कशी? सखल भागात पाण्याचा निचरा मंद असतो. चुन्याने युक्त खडकाच्या झिजेतून आलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तेथे वाहून न जाता टिकून राहतात. मैकलकडून उतरणाऱ्या ओढ्यानाल्यांनी आणलेला बेसाल्टचा गाळही काही ठिकाणी त्यात मिसळतो. अशा परिस्थितीत फुगणारी आणि आकसणारी चिकणमाती तयार होते. वऱ्हाडात ती बेसाल्टपासून झाली, येथे पुष्कळशी अन्य मार्गाने; पण वागणूक सारखी. म्हणूनच एकाच गावात उंचवट्यावर जांभ्याची खडेरी भाटा, त्याखाली पिवळसर हलकी मटासी, मग मध्यम डोरसा आणि सर्वांत खाली कन्हार असा क्रम आढळतो. लाव्हाच्या सपाट थरावरून असा क्रम समजावून सांगता येत नाही. उतार आणि पाणी यांवरून येतो. काळ्या रंगावरून सुपीकतेचा निष्कर्ष काढणेही घातक आहे. या रंगाचा संबंध चिकणमातीशी घट्ट बांधल्या गेलेल्या अल्प सेंद्रिय द्रव्याशी आहे. प्रत्यक्षात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खाली असतो आणि नत्र व जस्ताची उणीव नित्याची असते.

ज्वालामुखी शेतीला खरोखर काय देतो, हे पाहायचे तर जिवंत ज्वालामुखींच्या देशाकडे पाहावे लागेल. भारताचा एकमेव सक्रिय ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे आणि तेथे शेती नाही. इंडोनेशियात मात्र सुमारे १३० सक्रिय ज्वालामुखी आहेत, आणि मेरापी, केलुद, सेमेरू यांच्या उतारांवर भाताच्या पायऱ्या चढत गेलेल्या दिसतात. जावा बेटावर दाट वस्ती, तर सक्रिय ज्वालामुखी नसलेल्या शेजारच्या कालिमांतानात जमीन आम्लधर्मी, धुपलेली आणि वस्ती विरळ. देश एक, पाऊसही विपुल. मातीचे वय आणि लोकसंख्येची घनता यांचा हा संबंध डच मृदाशास्त्रज्ञ मोर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिला होता. पावसाने जे धुऊन नेले, ते जावात राखेचा नवा थर पुन्हा भरून काढतो. आपल्याकडे ही भरपाई ६ कोटी वर्षांपासून बंद आहे. जावाच्या शेतकऱ्याला मातीतून ठेवीचे व्याज मिळते. आपण मुद्दल खात आहोत.

अर्थात त्या व्याजाची किंमतही भयंकर असते. १८१५ च्या एप्रिलमध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा फुटला, तेव्हा पुढच्या वर्षी युरोप आणि ईशान्य अमेरिकेत उन्हाळाच जाणवला नाही, पिके बुडाली. १८८३ च्या ऑगस्टमधील क्राकाताउच्या उद्रेकात ३६,००० हून अधिक माणसे, बहुतांश समुद्राच्या लाटांनी, मृत्युमुखी पडली.

राख आणि कीटक यांचे नाते त्याहून कमी परिचित आहे. राखेचे अणकुचीदार कण कीटकाच्या अंगावरील मेणाचा पातळ लेप खरवडतात. आतील पाणी उडून जाते आणि कीटक वाळून मरतो. वांग्यावर चुलीतील राख भुरभुरणारी किंवा साठवणीच्या कडधान्यात राख मिसळणारी गृहिणी काही अंशी याच तत्त्वावर विसंबून असते. परंतु लहान देहाचे, सतत पानांवरून फिरणारे परोपजीवी आणि परभक्षी मित्रकीटक या धुळीला अधिक बळी पडतात. कोस्टा रिकातील इराझू ज्वालामुखीच्या १९६३ ते १९६५ मधील राखवृष्टीनंतर काही किडींचा उपद्रव उलट वाढल्याचे आढळले. आपल्या भागात कच्च्या रस्त्यांच्या आणि खडी-क्रशरच्या कडेला भाजीपाल्यावर लाल कोळी अधिक का दिसतो, याचे उत्तर याच दिशेने शोधावे. तेथे फवारणीआधी पाने पाण्याने धुऊन पाहणे शहाणपणाचे.

जावाचा दुसरा धडा अधिक मोठा आहे. जगातील उत्तम मातींपैकी एक असूनही १९७० च्या दशकात आणि पुन्हा १९८० च्या मध्यास तेथील भात तपकिरी तुडतुड्यांनी जळून गेला. अनुदानामुळे स्वस्त झालेल्या कीटकनाशकांनी कोळी आणि शिकारी ढेकूण नष्ट केले होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापराला बंदी केली. पुढे अनुदानही थांबले. ज्याला येथे ‘माहो’ म्हणतात तो हाच तुडतुडा. भरपूर युरिया घातलेल्या, पाणी तुंबलेल्या कन्हारच्या बांध्यांत तो प्रथम दिसतो. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या धास्तीने केलेली सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी त्याला वाट मोकळी करून देते.

कन्हारची उत्पत्ती कशीही असो, किडींचा संबंध येतो तो तिच्या चिकणपणाशी. ती ओल धरून ठेवते, म्हणून उभ्या भातात तिवरा, म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाकडची लाखोळी, किंवा जवस फेकून उतेरा घेता येतो. उतेऱ्यात नांगरट होत नाही. परिणामी भाताची धसकटे तशीच राहतात आणि त्यांच्या बुडाशी पिवळ्या खोडकिड्याच्या अळ्या सुप्तावस्थेत तग धरतात. मटासीत धान कापल्यावर लगेच नांगर घालता येतो. कन्हारच्या उतेऱ्यात नाही. तेथे भाताची कापणी शक्य तितकी जमिनीलगत करणे हा उपाय उरतो, कारण अळ्यांचा काही भाग पेंढ्याबरोबर शेताबाहेर जातो.

हरभऱ्यात वेळ आणखी कमी मिळतो. भेगा आणि ढेकळे यांत दिवसा दडणाऱ्या रोप कुरतडणाऱ्या अळीसाठी सायंकाळी गवताचे लहान ढीग ठेवून सकाळी त्याखालच्या अळ्या वेचाव्यात. घाटेअळी मात्र मातीत काही सेंटिमीटर खोल कोषात जाते. उन्हाळी नांगरटीने कोष उघडे पडतात आणि पक्षी ते टिपतात, ही शिफारस सर्वांना पाठ आहे. पण उबदार हवेत कोषावस्था साधारण दोन आठवड्यांतच संपते, आणि कन्हार त्याच सुमारास दगडासारखी घट्ट होते. एप्रिलच्या अखेरीस ट्रॅक्टर मिळाला म्हणून केलेल्या नांगरटीत बहुतेक रिकामी टरफलेच वर येतात. कापणी होताच, मातीत वाफसा असेपर्यंतच्या आठवड्यात नांगर फिरला तर घाटेअळी सापडते. खोडकिड्याचा हिशेब वेगळा : तिवरा निघाल्यावर वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीने माती मऊ होते, तेव्हा नांगरून धसकटे उपटून काढावीत, म्हणजे नव्या रोपवाटिकेच्या वेळी पतंग बाहेर पडण्याआधी अळ्या उन्हात मरतात. दोन किडींसाठी दोन वेगळ्या तारखा लागतात, आणि त्या शेतातील ओल पाहून ठरवाव्या लागतात.