धक्कालहरींचे मोल

फळ्यापुढे तासन्‌तास उभा राहणारा नांदेडचा शिक्षक, टेबलावर मान वाकवून बसणारा लातूरचा कारकून आणि सोयाबीनच्या काढणीत दिवसभर विळा चालवणारी मजूर स्त्री या तिघांना टाच, कोपर किंवा खांद्याचे चिवट दुखणे सारखेच गाठते. या दुखण्याने माणूस दगावत नाही. परंतु रजा खर्ची पडते आणि मजुरी बुडते.

अशा दुखण्यावर आता ‘शॉकवेव्ह’ उपचार सुचवला जातो. नावावरून विजेचा झटका वाटला, तरी या ध्वनीच्या जातीच्या दाबलहरी आहेत. १९८० साली म्युनिक येथे मूतखडा फोडण्यासाठी त्या प्रथम रुग्णावर वापरल्या गेल्या. पुढे त्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांकडे वळवण्यात आल्या. येथे फोडायचे काही नसते. मंदावलेली दुरुस्ती जागवणे व वेदना शमवणे हा हेतू असतो.

गुण येतो काय? जुनाट टाचदुखीत काही रुग्णांना येतो. खांद्याच्या कंडरांबाबत २०२० साली कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात मात्र अर्थपूर्ण लाभ फारसा आढळला नाही. कोपराबाबतचे निष्कर्षही परस्परविरोधी आहेत.

खरी मेख पुढेच आहे. टाचदुखी बहुसंख्य रुग्णांत वर्षभरात विश्रांती, योग्य पादत्राण व पोटरी-तळपायाच्या व्यायामाने ओसरते. साहजिकच जो उपचार शेवटी घेतला, त्याच्या पदरी यशाचे श्रेय पडते. बाजारात ग्राहकाने माल पारखावा, अशी अपेक्षा असते. येथे पारखण्याचे साधनच ग्राहकापाशी नाही. त्यातच अनेक बैठकांचे पैसे आगाऊ भरले, की मध्येच थांबण्याची मुभाही संपते.

म्हणून हा उपचार त्याज्य ठरत नाही. त्याचा क्रम ठरवावा लागतो. आधी अचूक निदान, मग काही महिने नेटाने व्यायाम, आणि त्यानंतरही दुखणे हटले नाही तरच धक्कालहरी. गर्भवतींनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये. शुल्कही प्रत्येक बैठकीगणिक घेतले जावे.

नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. निदान आणि व्यायामाचे शिक्षण तेथे गरिबालाही सहज मिळाले, तर महाग यंत्रापुढची रांग आपोआप आखूड होईल. मजुराचा बुडालेला दिवस वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तोच आहे.